भुलीचा वास आणि माणसाचा स्वभाव

वणीकरांना धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, राजूरकडच्या चुनाभट्ट्यांची पांढरी पूड झाडांच्या पानांवर बसते, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकल्याशिवाय घरात घेता येत नाहीत. धूळ डोळ्यांना दिसते. म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज होतात, निवेदने दिली जातात, रास्ता रोको होतो. पण जी गोष्ट दिसत नाही, जिचा वासही धड येत नाही, अशी हवा माणसाच्या फुफ्फुसातून रोज थोडी थोडी आत जात असेल तर? आणि तिचा परिणाम खोकल्यात न दिसता माणसाच्या वागण्यात दिसत असेल तर? अशाच एका हवेविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द सांगायचे आहेत. ही हवा म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला भूल देण्यासाठी वापरतात ते वायू.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. तेव्हा हा विषय आमच्या हाती कसा आला, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे.

आमच्या थोरल्या वहिनी एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून कामाला होत्या. २००५ च्या सुमाराची गोष्ट. मूळचा स्वभाव हसरा, मोहल्ल्यात कोणाच्या घरी कार्य असले की पहिल्यांदा पदर खोचणार त्याच. पण तीन-चार वर्षांत त्या बदलत गेल्या. संध्याकाळी घरी आल्या की डोके धरून बसत. पोरांनी मोठ्याने पाढे म्हटले तरी अंगावर धावून जात. गॅसवर दूध ठेवून विसरत. सकाळी पुन्हा जरा बऱ्या. रविवारी तर अगदी पहिल्यासारख्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या स्वभावाला नाव ठेवले, "तिरसट." कोणी म्हणाले, नोकरी करणारी बाई आहे, डोक्यात हवा गेली. खरोखर हवाच गेली होती, पण वेगळ्या अर्थाने गेली असावी, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

एकदा त्याच आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, थेटरात दिवसभर तो गोड गोड वास नाकात बसते. दारं-खिडक्या सगळं बंद, वरून एसी चालू. घरी आली की कोणाचा आवाजच नको वाटते."

हे वाक्य आमच्या मनात राहून गेले. पुढे मिळेल ते वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत. आपल्या समाजातील कितीतरी आयाबहिणी परिचारिका, आया म्हणून आणि कितीतरी भाऊ वॉर्डबॉय, सफाई कामगार म्हणून दवाखान्यांत राबतात. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

भुलीचे वायू म्हणजे काय?

१८४६ सालच्या १६ ऑक्टोबरला अमेरिकेतील बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रुग्णाला जाहीरपणे भूल दिली. रुग्णाच्या मानेवरची गाठ कापली तरी तो ओरडला नाही. दुसऱ्याच वर्षी, १८४७ मध्ये, ईथर कलकत्त्यात पोहोचले आणि त्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही भूल देणे म्हणजे "क्लोरोफॉर्म देणे" असते, ते तेव्हापासून. १९५६ साली हॅलोथेन आले. ते ईथरसारखे पेट घेत नसे, वासही गोडसर, त्यामुळे जगभर पसरले. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन यांनी घेतली आहे. यांच्या जोडीला नायट्रस ऑक्साइड हा वायू असतो. त्यालाच 'हसवणारा वायू' म्हणतात.

हे सर्व पदार्थ श्वासावाटे फुफ्फुसात, तेथून रक्तात आणि रक्तातून काही मिनिटांत मेंदूत पोहोचतात. मेंदूचे काम मंदावणे हाच त्यांचा गुण. म्हणूनच तर ते वापरतात. प्रश्न असा, की रुग्णाने सोडलेल्या श्वासातून, सैल बसलेल्या मास्कच्या कडेने किंवा यंत्राच्या जोडांमधून जो वायू खोलीत पसरतो, तो भोवती उभे असलेले लोक रोज सहा-सात तास, वर्षानुवर्षे ओढत राहिले तर काय होते? रुग्णाला एकदाच भूल मिळते. थिएटरमधल्या बाईला ती रोज मिळते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रुग्णाचा व्यवहार एकरकमी आणि कर्मचाऱ्याचे आवर्ती ठेवीचे खाते.

मोठी मात्रा माणसाला कोठे नेते

हे वायू वागणूक बदलतात ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०० च्या आसपास नायट्रस ऑक्साइड स्वतः वारंवार हुंगून पाहिला आणि आपल्याला त्याची ओढ लागल्याचे लिहून ठेवले. त्याहून दुःखद कहाणी होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याची. १८४४ साली त्याने नायट्रस ऑक्साइड घेऊन स्वतःचा दात काढवून घेतला आणि वेदनेविना दात निघू शकतो हे दाखवले. पुढे १८४८ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कमध्ये क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवरच करू लागला. काही दिवस सतत हुंगल्यावर त्याचे भान इतके सुटले की रस्त्यावरच्या स्त्रियांवर त्याने आम्ल फेकले. अटक झाली. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले हे कळून त्याने तुरुंगातच जीव दिला. तो दुर्जन नव्हता. लोकांच्या वेदना थांबाव्यात म्हणून धडपडणारा माणूस होता.

ही झाली मोठ्या मात्रेची गोष्ट. श्वासातून विष जाते हे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. २०१७ साली पऱ्हाटीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे डोळे उघडले. पण मोठी मात्रा माणूस पाडते, म्हणून ती दिसते. लहान मात्रा माणसाला उभे ठेवते आणि आतून थकवते, म्हणून ती कोणाच्या मोजदादीत येत नाही.

लहान मात्रेबद्दल संशोधन काय सांगते?

१९६७ साली सोव्हिएत रशियातील वाइसमन या डॉक्टरने भूलतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. बऱ्याच जणांनी डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड यांची तक्रार केली होती. शिवाय त्यातील स्त्रियांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्या होत्या. हा आकडा वाचून जगभर खळबळ उडाली.

नंतर १९७४ साली अमेरिकेत ब्रूस, बाख आणि आर्बिट या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना हवेत मिसळलेला थोडासा नायट्रस ऑक्साइड व हॅलोथेन काही तास हुंगवला आणि मग त्यांच्या लक्ष, स्मरण व हाताच्या कौशल्याच्या चाचण्या घेतल्या. हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देण्याच्या मात्रेच्या साधारण हजारावा हिस्सा. तरी चाचण्यांत माणसे मागे पडली. कोणी झिंगले नाही, कोणी पडले नाही, फक्त लक्ष थोडे ढळले आणि प्रतिसाद थोडा मंदावला.

त्याच वर्षी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दहा लाखांत फक्त १० भाग हॅलोथेन असलेल्या हवेत उंदरांना गर्भावस्थेपासून ६० दिवसांचे होईपर्यंत ठेवले. मोठे झाल्यावर ते शिकण्याच्या परीक्षेत कच्चे निघाले आणि त्यांच्या मेंदूतील पेशींच्या जोडण्यांतही दोष आढळला. मात्र जे उंदीर मोठे झाल्यावरच त्या हवेत गेले त्यांच्यात हा दोष दिसला नाही. म्हणजे वाढत्या मेंदूला धोका अधिक.

या सर्वांचा परिणाम म्हणून १९७७ साली अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने शिफारस केली, की काम चालू असताना खोलीच्या हवेत नायट्रस ऑक्साइड दहा लाखांत २५ भागांपेक्षा आणि हॅलोथेनच्या जातीचे वायू २ भागांपेक्षा जास्त नसावेत.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. १९७७ आणि १९७८ साली दुसऱ्या संशोधकांनी ब्रूस यांच्यासारखेच प्रयोग करून पाहिले. त्यांना तसा परिणाम मिळाला नाही. गर्भपाताच्या जुन्या पाहण्यांवरही आक्षेप आले, कारण त्या लोकांच्या आठवणीवर आधारलेल्या होत्या. ब्रिटनने १९९६ साली ठरवलेली मर्यादा नायट्रस ऑक्साइडसाठी १०० भाग आहे, म्हणजे अमेरिकन शिफारशीच्या चौपट. तेव्हा दहा लाखांत दोन-चार भागांनी माणूस वेडा होतो, असे कोणी म्हणू नये. पण जेथे वायू बाहेर नेण्याची सोय नाही आणि हवा खेळती नाही, तेथे नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण शेकड्यांत आणि कधी हजारांच्या वर गेलेले मोजले गेले आहे. वाद आहे तो दोन-चार भागांबद्दल. हजार भागांबद्दल वाद नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. "आम्हाला वास येत नाही, म्हणजे गळती नाही," असे पुष्कळ जण समजतात. नायट्रस ऑक्साइडला जवळजवळ वासच नाही. हॅलोथेनचा वास साधारण माणसाला येऊ लागतो तोपर्यंत ती मर्यादा कितीतरी पटीने ओलांडलेली असते. वहिनींच्या नाकात दिवसभर गोड वास बसत होता, याचा अर्थ आम्हाला हे वाचल्यावर कळला.

नायट्रस ऑक्साइड आणि बी-१२

नायट्रस ऑक्साइडचा आणखी एक गुण आहे आणि त्याबद्दल मात्र शंका उरलेली नाही. आपल्या शरीरात बी-१२ नावाचे जीवनसत्त्व असते. त्याच्या गाभ्यात कोबाल्ट हा धातू आहे. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टवर क्रिया करून बी-१२ निकामी करतो. बी-१२ वाचून नवे रक्त नीट तयार होत नाही आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. विजेच्या तारेवरचे रबर निघाल्यासारखे समजा.

१९५६ साली डेन्मार्कमध्ये धनुर्वाताच्या रुग्णांना अनेक दिवस सलग नायट्रस ऑक्साइड दिल्यावर त्यांच्या हाडांतील मज्जेने रक्तपेशी बनवणे मंद केले होते. १९७८ साली लेझर या अमेरिकन डॉक्टरने १५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील १४ दंतवैद्य होते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे अशी लक्षणे होती, काहींच्या मनःस्थितीतही बदल झाला होता. बहुतेकांनी तो वायू चैनीखातर हुंगला होता, पण दोघांनी तसे काहीच केलेले नव्हते. ते फक्त हवा न खेळणाऱ्या दवाखान्यात काम करीत होते.

हे आपल्याला अधिक लागू पडते, कारण आपल्याकडे बी-१२ मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दोन-तृतीयांशांच्या आसपास स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. आपल्या घरांत मटण-मासे वर्ज्य नाहीत, म्हणून आपल्याला ही कमतरता नसेल, असे समजू नये. महिन्यातून दोनदा मटण शिजते आणि त्यातही बाईच्या ताटात रस्साच येतो. बी-१२ कमी असले की थकवा, विसराळूपणा, उदासी आणि चिडचिड येते. म्हणजे लक्षणे तीच! गाठीला बी-१२ कमी आणि त्यावर रोजचा नायट्रस, अशी दुहेरी वजावट झाली तर खाते लवकर रिकामे होणार.

गर्भवती भगिनींसाठी १९९२ चा एक अमेरिकन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. दंतवैद्यांच्या मदतनीस स्त्रियांपैकी ज्या आठवड्याला पाच तास किंवा अधिक वेळ, वायू बाहेर नेण्याची सोय नसलेल्या खोलीत नायट्रस ऑक्साइडमध्ये काम करीत, त्यांना दिवस राहण्यास इतरांपेक्षा बराच जास्त काळ लागत होता. जेथे वायू बाहेर नेण्याची सोय होती, तेथे हा फरक नव्हता. सगळ्या लेखाचे सार या एका अभ्यासात आहे. काम तेच, वायू तोच, पण एक नळी असली की धोका जातो.

दवाखान्याबाहेरही

ज्यांचा ऑपरेशन थिएटरशी संबंध नाही त्यांनी हे पान उलटू नये. ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावण कारखान्यांत यंत्राचे तेल-वंगण धुण्यासाठी वापरत आणि तेच १९४० च्या दशकात 'ट्रायलीन' या नावाने भूल देण्यासाठीही वापरले गेले. रंगात घालण्याचे थिनर, फर्निचरचे पॉलिश, चिकटवण्याचे सोल्युशन यांच्या वाफाही मेंदूला सुस्त करतात. १९७६ साली स्वीडनमध्ये अशा द्रावणांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांचा अभ्यास झाला, तेव्हा मानसिक व मज्जातंतूच्या विकारांमुळे काम सोडावे लागण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त आढळले. आपल्या मोहल्ल्यातील रंगकाम, पॉलिशकाम करणारा माणूस संध्याकाळी बधिर होऊन घरी आला की "पिऊन आला" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कदाचित त्याने थेंबही घेतलेला नसेल.

करावे काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत, हे विशेष.

पहिला उपाय नळीचा. भूलयंत्रातून आणि रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडणारा वायू एका नळीने इमारतीबाहेर, जेथे माणसांची ये-जा नाही तेथे सोडावा. मोठ्या रुग्णालयांत याची रीतसर यंत्रणा असते. लहान दवाखान्यात ती साधी असली तरी चालते, पण भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच बसवावी, कारण नळी चुकीची जोडली तर रुग्णाच्या श्वासालाच अडथळा होईल.

दुसरा उपाय हवेचा. ऑपरेशन थिएटरची हवा तासाला साधारण १५ ते २० वेळा बदलली जावी. भिंतीवरचा साधा एसी हवा थंड करतो, बदलत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. बाहेरची गाळलेली हवा आत आणि आतली बाहेर, अशी व्यवस्था वेगळी करावी लागते.

तिसरा उपाय सवयीचा. रुग्णाला मास्क लावण्यापूर्वी वायू सुरू करू नये, काम संपताच बंद करावा. भुलीचे द्रव यंत्रात भरताना सांडू नये आणि शक्यतो ते काम थिएटर रिकामे असताना करावे. जोड आणि रबरी नळ्या ठरावीक दिवसांनी तपासून घ्याव्यात. शुद्धीवर येणारा रुग्ण बराच वेळ श्वासातून वायू सोडत असतो, म्हणून त्याला ठेवतात ती खोलीही मोकळी, हवेशीर असावी. नाकावर बांधलेला कापडी किंवा साधा कागदी मास्क वायू अडवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा उपाय पाळीचा. एकाच व्यक्तीला वर्षानुवर्षे थिएटरमध्ये न ठेवता आलटून पालटून काम द्यावे. गर्भवती भगिनीने आपली स्थिती लवकर सांगावी आणि तिला शक्यतो दुसरे काम मिळावे. हात-पाय मुंग्यावत असतील, थकवा जात नसेल तर बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी.

रुग्णांच्या नातेवाइकांनी मात्र भिऊ नये. येथील इशारा रोजच्या, वर्षानुवर्षांच्या संपर्काचा आहे, एका ऑपरेशनचा नाही. भूल नसती तर आज कितीतरी माणसे ऑपरेशनच्या टेबलावर जायला धजली नसती. शिवाय सिझेरियनसारखी बरीच ऑपरेशने आता पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतात. तेथे या वायूंचा प्रश्नच येत नाही.

शेवटी वहिनींचे सांगितले पाहिजे. त्यांनी हिंमत करून मालकांना विनंती केली आणि त्यांना थिएटरमधून काढून बाहेरच्या रुग्णांकडे काम मिळाले. त्याच सुमारास रक्त तपासले तर बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने झाली. पाच-सहा महिन्यांत डोकेदुखी पुष्कळ उतरली, पोरांच्या पाढ्यांचा त्रास होईनासा झाला. गुण हवा बदलल्याचा, इंजेक्शनांचा की दोन्हींचा, हे वेगळे काढता येणार नाही, आणि आम्ही तसा दावाही करीत नाही. पण एवढे खरे, की ज्या बाईला आम्ही चार वर्षे तिरसट म्हटले ती तिरसट नव्हती. तिला औषध पाहिजे होते, मोकळी हवा पाहिजे होती आणि "दिवसभर कोठे असता, काय हुंगता?" असे विचारणारे घरात कोणी तरी पाहिजे होते. तो प्रश्न आम्ही वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा.